बामणोलीहून वासोटा: शिवसागरावर पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदा आम्ही सहा जण शनिवारी सकाळी सातला पुण्यातून निघालो, वाटेत मिसळ खाल्ली, कासला फोटो काढले आणि पावणेबाराला बामणोलीच्या धक्क्यावर उतरलो. जायचं होतं जलाशयापलीकडच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर. एक बोटवाले मामा दोर गुंडाळत बसले होते. "वासोटा" म्हटल्यावर त्यांनी आधी आमच्याकडे आणि मग वर सूर्याकडे पाहिलं. "आता कुठं निघालाय? परत यायला रात्र हुईल. उद्या या, साडेसहाला." राहायची सोय केलेली नव्हती, सहांतल्या चौघांकडे ओळखपत्र नव्हतं आणि रोख सगळी मिळून अकराशे रुपये. संध्याकाळी घरी.

त्यानंतर पाच वेळा जाऊन आलो. दर वेळी कोणीतरी ओळखीचा फोन करून वासोट्याला कधी आणि कसं जायचं, तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. दर लिहिणार नाही, कारण ते दरवर्षी बदलतात आणि जुना आकडा वाचून गेलेला माणूस धक्क्यावर भांडत बसतो.

१. आधी हे पाणी कसलं आहे ते समजून घ्या

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. धरण खाली पाटण तालुक्यात कोयनानगरला आहे, आणि त्याचं पाणी उत्तरेकडे तापोळ्यापर्यंत सुमारे ५० किलोमीटर मागे पसरलंय. पूर्ण भरलं की साठा १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). यातलं बरंचसं पाणी नदीने पूर्वेला न जाता सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात. तिथे साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून ते जमिनीखालच्या वीजघरांतल्या टर्बाइनच्या चाकांवर पडतं. पुढे कोळकेवाडीला अडवून त्याच पाण्यावर आणखी एकदा वीज काढतात आणि शेवटी ते वाशिष्ठीतून चिपळूणकडे जातं. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे आणि त्याचं वर्ष मोजलं जातं १ जून ते ३१ मे.

हे सगळं सहलीच्या लेखात कशाला, असं वाटेल. तर अशासाठी, की मुंबईपुण्यातले दिवे पेटतात तसा हा 'तलाव' खाली जातो. ऑगस्ट-सप्टेंबरात भरतो आणि मेअखेर तळ दाखवू लागतो. ऑक्टोबरात जिथे तुम्ही पायरीवरून थेट बोटीत पाय टाकता, तिथेच मे महिन्यात वाळलेला, भेगाळलेला उतार असतो आणि पाणी पार खाली. बोट कुठे लागेल, किती चालावं लागेल, पलीकडे उतरल्यावर चिखल किती, हे सगळं त्या दिवशीच्या पातळीवर ठरतं.

आणि दुसरं म्हणजे ही बुडालेली दरी आहे. पाण्याखाली शेताच्या ताली (बांध) आहेत, विहिरी आहेत, गावठाणं आहेत. काठ उथळ वाटतो आणि पुढच्या पावलाला ताल संपते. म्हणून पोहायला उतरू नका, कितीही शांत दिसलं तरी. पट्टीचे पोहणारे इथे फसतात ते पोहता येत नाही म्हणून नव्हे, पायाखालचा गाळ सोडत नाही म्हणून. इथे जीवरक्षक नसतात.

२. नकाशात 'कोयना' टाकून निघू नका

ही चूक हसण्यासारखी वाटते, पण मी दोन गट असे पाहिलेत. एक तर माझ्याच ऑफिसातला. धरण जलाशयाच्या दक्षिण टोकाला, वासोट्याच्या बोटी मिळतात त्या उत्तरेच्या बाजूला. मधलं पाणी दिसायला सलग असलं तरी रस्ता तसा जात नाही. कोयनानगरला पोचलेल्या माणसाला बामणोलीला यायचं तर पाटण, उंब्रज, सातारा असा सगळा वळसा, म्हणजे अर्धा दिवस गेला.

तेव्हा काय बघायचंय ते आधी ठरवा:

बामणोली (जावळी तालुका, साताऱ्याहून कासमार्गे सुमारे ३५ किलोमीटर): वासोटा, नागेश्वरची गुहा, बोटिंग, काठावरचा मुक्काम. हा लेख याचाच.

तापोळा (महाबळेश्वरहून घाट उतरून): नुसतं बोटिंग, कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांचा संगम, घरगुती जेवण. महाबळेश्वरला आलेच असाल आणि चढायचं नसेल तर हेच बरं. 'मिनी काश्मीर' अशा पाट्या दिसतील, त्याकडे दुर्लक्ष करा. जागा त्या पाटीपेक्षा चांगली आहे.

मुनावळे (जावळी तालुका): २०२४ मध्ये सरकारने इथे जलक्रीडा केंद्र सुरू केलं. वेगाच्या बोटी वगैरे ज्यांना हव्यात त्यांनी इकडे जावं. एरवी या जलाशयात असल्या खेळांवर बरीच बंधनं होती, कारण धरण सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील.

कोयनानगर (कराड-चिपळूण रस्त्यावर): धरण लांबून बघणं, नेहरू उद्यान, पावसाळ्यात नवज्याजवळचा ओझर्डे धबधबा. धरणावर मनाला येईल तसं जाता येत नाही आणि तिथे फोटो काढायला बंदी आहे. ड्रोन तर पिशवीतूनही काढू नका. पावसाळ्यात धरणाखालच्या नदीपात्रात उतरायचं नाही. सहा वक्र दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो, पण तुम्ही खडकावर हेडफोन लावून बसला असाल तर तो काय कामाचा.

३. महिना निवडा

जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरपर्यंत वासोट्याची वाट बंद असते. हे कोयना अभयारण्य आहे (१९८५ पासून), आणि २०१० पासून चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पावसाळ्यात 'गुपचूप जाऊन येऊ' म्हणणारे असतात. इथे ते जमत नाही, कारण मध्ये पाणी आहे आणि बोटवाला तुमच्यासाठी आपला परवाना घालवणार नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात उत्तम. पाणी भरपूर, जंगल ओलं, हवा थंड. पहाटे बामणोलीला धुकं इतकं दाट असतं की समोरचा डोंगर आठ-साडेआठपर्यंत दिसत नाही. वाट उघडल्या उघडल्या गेलात तर जळवा भेटतील. मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवा आणि पँट मोज्यात खोचा.

फेब्रुवारी-मार्चही चालेल, फक्त ओढे आटलेले असतात. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि लांबलेला काठ, दोन्ही सोसावं लागतं. तरी मी एकदा मेमध्ये मुद्दाम गेलो होतो, कारण त्या वेळी पाण्याखालची जुनी जोती, देवळांचे दगड वर येतात. बोटवाले मामा सुकाणू धरून सांगत होते, "ह्ये आमचं गाव. ती चिंच व्हती तिथं शाळा." चिंच दिसत नव्हती, मामा हाताने दाखवत होते तिथे नुसता मातकट उतार होता. कोयनेसाठी उठलेली माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीपर्यंत विखुरली. जी काठावर राहिली त्यांच्यातल्या कित्येक घरांतला एकजण तरी मुंबईत माथाडीचं काम करतो किंवा करत होता. त्यांच्याशी बोलताना 'किती सुंदर लेक आहे हो तुमच्याकडे' एवढ्यावर थांबू नका.

निघायच्या आठवड्यात वर्तमानपत्रात धरणसाठ्याची बातमी बघा. साठा निम्म्याच्या वर असेल तर काठ जवळ. फार खाली गेला असेल तर जुने बूट घाला, एवढा माझा ठोकताळा.

आणि वाट ऑक्टोबरात उघडली तरी कासची फुलं आणि वासोटा एकाच दिवसात उरकू नका. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी कासच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते, पठारावर जायचं वेगळं आरक्षण लागतं, आणि त्या रांगेत तुमची सकाळ संपते.

४. आदल्या रात्री बामणोलीत पोचा

माझ्या मते सगळ्या लेखातला हाच खरा सल्ला. बाकीचं विसरलात तरी चालेल.

हिशेब असा. बोटीला एका बाजूने सव्वा ते दीड तास लागतो. चढायला दोन ते अडीच तास, उतरायला दीड-दोन, वर एक-दीड तास. म्हणजे सात ते नऊ तास झाले. संध्याकाळी ठरलेल्या वेळेच्या आत जंगलाबाहेर यावं लागतं आणि गडावर मुक्कामाला पूर्ण बंदी आहे. म्हणजे सकाळी आठ-साडेआठला बोट सुटलीच पाहिजे. त्याआधी परवानगी, त्याआधी नाष्टा. पुण्याहून पहाटे निघून हे जमतं, पण त्यासाठी रात्री अडीचला गाडी काढावी लागते आणि मग न झोपलेला माणूस यवतेश्वरच्या घाटात गाडी चालवतो.

रस्ता: सातारा शहरातून समर्थ मंदिर, बोगदा, यवतेश्वरचा घाट, कास, बामणोली. पेट्रोल साताऱ्यातच भरा, रोख पैसेही तिथेच काढा. कासच्या पुढे मोबाइलला रेंज येते-जाते, आणि रेंज नसेल तर फोनवरून पैसे देता येत नाहीत. साताऱ्याहून एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. आदल्या दिवशी दुपारी स्टँडवर चौकशी करून संध्याकाळच्या आत पोचायचं असेल तरच तिच्या भरवशावर राहा.

राहायला काठावर तंबू मिळतात, गावात घरगुती खोल्या मिळतात. तंबूचं आकर्षण मला कळतं, पण डिसेंबरात पाण्याकाठची थंडी हाडात जाते, आणि शनिवारी शेजारच्या गटाचा स्पीकर तुमच्या तंबूतच असल्यासारखा वाजतो. मी हल्ली घरीच राहतो. जेवण आधी फोन करून सांगावं लागतं. आयत्या वेळी कोणी बारा माणसांच्या भाकरी थापत नाही. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, रस्सा, असला तर जलाशयातला मासा. सकाळसाठी पोळी-भाजी किंवा पिठलं-भाकरीचा डबा बांधून घ्या, कारण पलीकडे काहीही विकत मिळत नाही.

५. बोट आधी ठरवा, पण कशी ते बघा

बोटवाले गावाच्या बोट क्लबमार्फत नंबराने फेऱ्या लावतात. भाडं माणशी नसून अख्ख्या बोटीचं असतं आणि त्यात जाणं, थांबणं आणि परत आणणं आलं. ठिकाणाप्रमाणे दर वेगळा: नुसता वासोटा, वासोटा आणि नागेश्वर, किंवा संगम आणि दत्तमंदिर. दराचा फलक धक्क्यावर असतो. आधी तो वाचा, मग बोला.

दोघे-तिघेच असाल तर अख्खी बोट अंगावर येते. तेव्हा आदल्या संध्याकाळी धक्क्यावर किंवा खाणावळीत विचारा, दुसरा छोटा गट मिळतो. आम्ही एकदा कोल्हापूरच्या चौघांबरोबर गेलो. त्यांनी आम्हाला वाटेत भडंग दिला आणि आम्ही त्यांना बर्फी. अजून दिवाळीला मेसेज येतो. मात्र एकत्र जाताना उतरायची वेळ सगळ्यांनी मिळून ठरवा. एका गटातला एक फोटोवेडा दुसऱ्या गटाला तासभर काठावर बसवून ठेवतो.

बोटीत बसण्याआधी दोन गोष्टी बघा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, आणि त्याचे पट्टे लागतात का. "काही होत नाही साहेब" असं कोणी म्हणालं तरी जॅकेट मागून घ्या आणि घाला. आसनाखाली रचून ठेवलेली जॅकेटं काय उपयोगाची? ठरल्यापेक्षा जास्त माणसं बसवत असतील तर दुसरी बोट घ्या. सकाळी पाणी काचेसारखं असतं. दुपारनंतर वारा सुटतो आणि लाटा बोटीला थपडा मारू लागतात, तेव्हा सेल्फीसाठी टपावर चढायचं नाही.

६. परवानगी: कागद आणि पिशवी

वनखात्याचं कार्यालय बामणोलीत आहे. गटातल्या सगळ्यांची नावं, वय, पत्ता, फोन लिहून द्यायचा, ओळखपत्र दाखवायचं, शुल्क भरायचं आणि पावती घ्यायची. प्रवेश, कॅमेरा, बोट, वाटाड्या असे पैसे वेगवेगळे लागतात. एकालाच सगळे पैसे देऊन 'सगळं आलं का यात?' असं मोघम विचारू नका. प्रत्येक पावती वेगळी मागा. निघायच्या दोन-तीन दिवस आधी राहायच्या ठिकाणी फोन करून त्या आठवड्यात वाट उघडी आहे ना ते विचारा, कारण कधी वणव्यामुळे, कधी प्राणीगणनेमुळे ती बंद ठेवतात.

सोबत ठेवायचं:

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, आणि गटातल्या एका-दोघांच्या आधारची झेरॉक्स
- गटाच्या नावांची तयार यादी, दोन प्रतींत (धक्क्यावर सकाळी सहाला पेन शोधत फिरावं लागत नाही)
- रोख, शक्यतो शंभर-दोनशेच्या नोटा
- माणशी निदान अडीच लिटर पाणी, पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांत
- डबा, गूळ-शेंगदाणे, इलेक्ट्रॉल
- पकड असलेले बूट, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट
- विजेरी, शिट्टी, क्रेप बँडेज, नेहमीची औषधं
- कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल, गाडीत ठेवायला

प्लास्टिकबद्दल वेगळं सांगतो. पलीकडे उतरल्यावर तपासणी होते. सॅक उघडायला लावतात आणि बाटल्या, वेष्टनं मोजून लिहून घेतात, अनामत घेतात. परत येताना तेवढीच मोजून दाखवली की पैसे परत. आमच्यातल्या एकाने वीस छोटे बिस्किटपुडे आणले होते. वनरक्षक दादांनी शांतपणे वीसच्या वीस मोजले, मागे रांग लागली आणि सगळ्या रांगेने आमच्याकडे पाहिलं. खाऊ घरूनच डब्यात भरून न्या. सिगारेट, काडेपेटी, दारू सापडली तर सहल तिथेच संपते, आणि संपलीच पाहिजे. नोव्हेंबरनंतर ते गवत कसं पेटतं हे एकदा बघितलेला माणूस त्यावर वाद घालत नाही.

७. पलीकडे: मेट इंदवली ते गड

बोट तुम्हाला मेट इंदवलीच्या काठाला सोडते. हेही उठलेलं गाव. इथून बोटवाल्या मामांचा फोन नंबर घेण्यापेक्षा त्यांच्याशी घड्याळ जुळवून घ्या, कारण रेंज नसते. "चारला खाली" म्हणाले तर चारलाच.

सुरुवातीची वाट सपाट, दाट झाडीची. थोड्याच अंतरावर मारुती आणि गणपतीच्या जुन्या मूर्ती लागतात, जवळ ओढा आहे. बाटल्या इथे भरून घ्या, पुढे भरवशाचं पाणी थेट गडावरच्या टाक्यात. मारुतीपासून चढ लागतो आणि गड येईपर्यंत फारसा सुटत नाही. पण सगळा सावलीतून. महाराष्ट्रात इतकं सलग जंगल डोक्यावर घेऊन चढायला मिळणारे किल्ले थोडे. गवा, अस्वल, बिबट्या, भेकर, शेकरू सगळे इथले रहिवासी. दिसतील याची खात्री नाही, ऐकू नक्की येतील, फक्त तुम्ही गप्प असाल तर. गटाच्या पुढे एकट्याने पळायचं नाही आणि शेवटच्या माणसामागे कोणी राहायचं नाही. अस्वलाच्या समोर अचानक जाणं ही इथली खरी भीती आहे.

वर गेल्यावर एक फाटा लागतो, तिथून एक वाट नागेश्वरला जाते, दुसरी वासोट्याला. पहिल्यांदा येत असाल तर दोन्हीचा हव्यास धरू नका. नागेश्वर म्हणजे कड्यातल्या गुहेतलं शंकराचं ठाणं, महाशिवरात्रीला कोकणातून चोरवण्याच्या बाजूने लोक चढून येतात. दोन्ही एका दिवसात करणारे करतात, पण त्यांच्या फोटोंत फक्त घड्याळाकडे बघणारी माणसं दिसतात.

झाडी संपली की गवत, मग पायऱ्या, पडझड झालेले दरवाजे आणि समोर बिनछपराचा मारुती. गडावर महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं, वाड्यांची जोती. शिवकाळात हा कैद्यांचा किल्ला होता. पेशवाईच्या उतरत्या काळात पंतप्रतिनिधींच्या बाजूने लढणाऱ्या ताई तेलिणीने इथून पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांना झुंजवलं, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या 'जुना वासोटा' नावाच्या डोंगरावर तोफा चढवून हा गड घेतला. गड घेण्यापेक्षा त्या तोफा तिथवर ओढत नेणाऱ्यांचे काय हाल झाले असतील, हे मला तो चढ चढताना हमखास आठवतं.

सगळ्यात आधी बाबूकड्याकडे जा, कारण दुपारी तिथे गर्दी होते. घोड्याच्या नालासारखा वळलेला तो कडा, समोर जुना वासोटा, आणि पाय जिथे थांबतात तिथून सरळ खाली कोकण. काठापासून दहा फूट मागे बसा. वारा अंगावर न येता खालून वर येतो, टोप्या वर उडतात आणि माणसं त्यांच्यामागे पळतात. इथे उभं राहिलं की सकाळी ओलांडलेलं पाणी मागे पूर्वेला असतं आणि कोकण समोर खाली. त्या पाण्याला दक्षिणेकडे बोगदे खणून ह्याच भिंतीतून पलीकडे का नेलं, ते आकडे न सांगता कळतं.

साडेबारा-एकला उतरायला लागा. उतरताना गुडघे बोलतात, वाळक्या पाचोळ्यावर बूट घसरतात. पाय मुरगळला तर उचलून आणायला डोली नाही, मित्रांचे खांदेच.

८. चढता न येणाऱ्यांचं काय

आईवडील, लहान मुलं, गुडघेदुखी असलेले लोक बरोबर असतील तर त्यांना बामणोलीत 'बसा जरा' म्हणून दिवसभर सोडू नका. आम्ही ते केलं आणि माझ्या आईने पुढे महिनाभर ऐकवलं. त्यांच्यासाठी वेगळी बोट ठरवा: त्रिवेणी संगम, काठावरचं दत्तमंदिर, शेंबडी मठ. दोन-तीन तासांत छान होतं. सकाळची वेळ घ्या, दुपारचं ऊन पाण्यावरून उलटं डोळ्यांत येतं. एक सूचना: बोटीत चढता-उतरताना फळी हलते. वयस्कर माणसांना दोन्ही बाजूंनी हात द्या, आणि पाणी खाली गेलेलं असेल तर तो चिखलाचा उतार त्यांना झेपेल का ते आधी स्वतः चालून बघा.

रात्री काठावर झोपला असाल आणि जमीन क्षणभर थरथरल्यासारखी वाटली तर घाबरून बोंब ठोकू नका. कोयना परिसरात छोटे धक्के बसत असतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. घरी बसलेले म्हातारे त्या पहाटेबद्दल विचारलंत तरच बोलतात. मोठा धक्का वाटला तर घरातून उघड्यावर या, इतकंच.

९. परतताना

बोटीतून उतरल्यावर अनामत परत घ्यायची राहिली, म्हणून धावत आलेले लोक मी पाहिलेत, पण ती पलीकडच्या काठावर मिळते. बामणोलीत नाही. तेव्हा बोटीत बसण्याआधी पिशवी मोजून द्या.

वाटाड्याचे, बोटीचे पैसे ठरले तेवढे द्या. चहा त्यांच्याबरोबर प्या. पुढच्या खेपेला फोन उचलला जातो.

अंधार पडायच्या आत कास ओलांडायचा प्रयत्न करा. दमलेले पाय आणि घाट ही जोडी वाईट, ज्याने कमीत कमी चढ केलाय त्याला गाडी द्या. कासच्या अलीकडे झाडीत कधी कधी रस्त्यावर गवा उभा असतो. हॉर्न वाजवायचा नाही, खाली उतरायचं नाही, दिवे मंद करून गाडीतच थांबायचं. आम्ही एकदा वीस मिनिटं थांबलो. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून रवंथ करत होता आणि मागच्या सीटवर तिघे घोरत होते.